व्हेक्टर रेषा आणि चिऊचे घर

संगणकाच्या साहाय्याने काढलेल्या चित्रांचे दोन प्रकार संभवतात, आणि पडद्यावर ते एकसारखे दिसत असले तरी त्यांची प्रकृती अगदी भिन्न आहे. पहिल्या प्रकारात चित्र म्हणजे ठिपक्यांची रास. ए-फोर आकाराचे एक पान दर इंचास 300 ठिपके या प्रमाणात छापावयाचे झाल्यास आडवे 2480 व उभे 3508, म्हणजे एकूण सुमारे 87 लाख ठिपके लागतात. संगणक यांतील प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवतो. परंतु कोणते ठिपके चिमणीचे आणि कोणते आभाळाचे, हे त्यास ठाऊक नसते. दुसऱ्या प्रकारात ठिपका मुळीच साठविला जात नाही. साठविले जाते ते कथन : अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत अशा वळणाची रेषा, ती मिटल्यावर आत तपकिरी रंग, त्या रंगावर अमुक ठिकाणी एक काळे वर्तुळ. चित्र दाखविण्याची किंवा छापण्याची वेळ आली म्हणजे हे कथन वाचले जाते आणि हव्या त्या आकारात चित्र नव्याने सिद्ध होते. टपालाच्या तिकिटाएवढे काढलेले चित्र भिंतीएवढे केले तरी त्याची कड फाटत नाही, याचे कारण हेच. या दुसऱ्या प्रकारास गणिताच्या परिभाषेला अनुसरून ‘सदिश चित्र’ म्हणता येईल. परंतु चित्रकारांच्या आणि छापखान्यांच्या बोलीत ‘व्हेक्टर’ हाच शब्द रुळला असल्यामुळे येथेही तोच स्वीकारला आहे.

बालकांसाठी निघणाऱ्या चित्रपुस्तकांतील पुष्कळशी चित्रे आज या पद्धतीने काढली जातात. तिच्या सोयी उघड आहेत : काम स्वच्छ दिसते, दुरुस्ती सहज होते, तेच चित्र पुस्तकात, भित्तिपत्रकावर आणि पडद्यावर चालते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तिच्याविषयी एक निराळाच प्रश्न पडावा. ज्या चित्राचे मूळ रूपच विधानाचे आहे, ते चित्र विधानाला जे साधत नाही ते करू शकेल काय? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे; कारण चित्रपुस्तकात चित्राचे काम नेमके तेच असते. कोमेनियसने 1658 मध्ये न्यूरेंबर्ग येथून प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिस सेन्सुआलिउम पिक्टुस’ या पाठ्यपुस्तकात चित्रातील प्रत्येक वस्तूस क्रमांक दिला होता आणि तोच क्रमांक लॅटिन व जर्मन शब्दापुढे घातला होता. तेथे चित्र हे शब्दाचे दृश्य प्रतिरूप होते. शब्द सांगेल तेवढेच चित्राने दाखवावयाचे. गोष्टीच्या पुस्तकातील चित्राला इतक्यावर थांबून चालत नाही. शब्द जेथे गप्प राहतो तेथे त्यास बोलावे लागते.

व्हेक्टर रेषेचा जन्म बालसाहित्यापासून फार दूर झाला. मोटारगाडीच्या पत्र्याचे वळण कारागिराच्या नजरेवर न सोडता आकड्यांत कसे मांडावे, हा फ्रान्समधील मोटारधंद्यापुढील प्रश्न होता. सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो याने 1959 च्या सुमारास त्याचे उत्तर शोधले. परंतु कंपनीने ते गुप्त राखले. पुढे रेनो कंपनीतील पिएर बेझिए याने 1960 नंतरच्या दशकात त्याच जातीची पद्धत प्रसिद्ध केल्यामुळे वक्ररेषेला नाव मिळाले ते बेझिएचे. दोघांच्याही मुळाशी असलेले गणित सर्गेई बर्नश्टाइन याने 1912 मध्येच मांडून ठेवले होते. अमेरिकेत आयव्हन सदरलँड याने 1963 मध्ये आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही रेखाटनाची प्रणाली सिद्ध केली. तीत एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती मांडता येत, आणि मूळ आकृतीत बदल करताच सर्व प्रती आपोआप बदलत. 1984 मध्ये अडोबी कंपनीची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पृष्ठवर्णनाची भाषा आली, 1987 मध्ये तिच्यावर आधारलेले ‘इलस्ट्रेटर’ आले, आणि 2003 पासून विनामूल्य मिळणाऱ्या ‘इंकस्केप’मुळे ही साधने सामान्य चित्रकाराच्या आवाक्यात आली. गाडीच्या बॉनेटसाठी घडलेली वक्ररेषा अशा रीतीने चिमणीच्या पोटापर्यंत येऊन पोहोचली.

या रेषेची घडण पाहण्यासारखी आहे. एका वळणास चार बिंदू लागतात. दोन त्याच्या टोकांशी असतात. उरलेले दोन सामान्यतः रेषेच्या बाहेर राहून तिला आपल्याकडे ओढतात. चित्रकार त्यांना हँडल म्हणतात. हँडल लांबविले की वळण फुगते, फिरविले की ते दिशा बदलते. छापील चित्रात मात्र हँडलचा मागमूसही राहत नाही. पाणिनीय व्याकरणाशी परिचय असलेल्या वाचकास येथे इत्संज्ञक वर्णांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘क्त’ प्रत्ययातील ककार ‘कृत’ या सिद्ध रूपात कोठेही ऐकू येत नाही. पण ऋकाराचा गुण झाला नाही तो त्याच्यामुळेच. स्वतः लोप पावून रूप ठरविणारा घटक, हे दोहोंचेही वैशिष्ट्य होय. साम्य येथेच संपते, कारण प्रत्ययाचा ककार आहे किंवा नाही एवढेच म्हणता येते, तर हँडल केसभर कमी किंवा अधिक ओढता येते. चित्रकाराचे सगळे कौशल्य या केसभरात असते. जाता जाता हेही नमूद करावे की या वक्ररेषेने खरे वर्तुळ काढताच येत नाही. चार वळणे जोडून आणि प्रत्येक हँडलची लांबी त्रिज्येच्या 0.5523 पट ठेवून वर्तुळाचा भास निर्माण करावा लागतो. त्यातील चूक त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहूनही कमी असते, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांस दिसत नाही. चिऊचा गोल डोळा हा वस्तुतः गोल नसतो.

विधानरूप चित्राचा पहिला परिणाम असा की त्यात अनिर्णित असे काही राहू शकत नाही. कुंचल्याने रंगविणारा चित्रकार झाडाच्या पानांचा पुंजका आणि आभाळ यांची सीमा ओल्या कागदावर सोडून देऊ शकतो. पाणी वाळेल तशी ती ठरते. व्हेक्टरमध्ये प्रत्येक आकाराला कड असते, प्रत्येक कडेला रंग असतो किंवा नसतो, आणि कोणता आकार कोणाच्या वर हेही ठरलेले असते. ओल्या रंगाचा आभास निर्माण करणारी साधने उपलब्ध आहेत, नाही असे नाही. पण तो आभासही आकड्यांनी सांगावा लागतो. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. एकदा काढलेला आकार कितीही वेळा वापरता येत असल्यामुळे तयार आकारांचे साठे निर्माण झाले, आणि तयार आकार हा स्वभावतःच सामान्य असतो. ‘झाड’ हा शब्द वड, चिंच, नारळ या सर्वांना सामावून घेतो. तो कोणतेही एक झाड नसतो. चित्रातील झाड मात्र कोणते तरी एक झाड असावे लागते. तयार साठ्यातील झाड—तपकिरी दांड्यावर हिरवा गोळा—हे चित्र असूनही शब्दासारखे सामान्य आहे. ते मुलाला ‘झाड’ हा शब्दच पुन्हा ऐकवते. मराठी बालपुस्तकांत अधूनमधून आढळणारे धुराड्याचे, लाल उतरत्या छपराचे घर याच कुळातले. ज्या गावात धुराडे कोणी पाहिलेले नाही, तेथील मूलही घर काढावयास सांगितले असता कधीकधी धुराड्याचे घर काढते. मुलाने हे पाहिलेल्या घरावरून शिकलेले नसते; पाहिलेल्या चित्रावरून शिकलेले असते.

यावरून साधेपणा हाच दोष आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. डच चित्रकार डिक ब्रुना याने 1955 पासून चितारलेले मिफी हे सशाचे पिल्लू दोन ठिपक्यांचे डोळे आणि तोंडाच्या जागी एक फुली एवढ्यावर उभे आहे. रंग मोजके आणि सपाट, कडा ठळक काळ्या. प्रथमदर्शनी ते कोणासही व्हेक्टर चित्र वाटेल. परंतु ब्रुनाची रेषा कुंचल्याने, अतिशय सावकाश काढलेली असे, आणि हाताचा किंचित कंप तीत राहिलेला दिसतो. शिवाय डोळ्यांच्या दोन ठिपक्यांतील अंतर तो अशा काटेकोरपणाने ठरवी की तेवढ्यावर पिल्लाचे रुसणे किंवा हरखणे कळावे. याच्या उलट उदाहरण वारली चित्रांचे देता येईल. टोकाशी टोक भिडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, ही आकृती व्हेक्टरमध्ये काढणे इतके सोपे आहे की तारपानृत्याचे वलय एकच माणूस चाळीस वेळा फिरवून काही क्षणांत पुरे होते. जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांच्या चित्रांत तांदळाच्या पिठाने काढलेला प्रत्येक माणूस आपल्या शेजाऱ्याहून थोडा निराळा वाकलेला असतो, आणि वलय फिरते आहे असे वाटते ते त्यामुळे. दोन्हीकडे त्रिकोण तेच. नृत्य एकीकडेच आहे.

तेव्हा प्रश्न साधेपणाचा नाही, पुनरावृत्तीचा आहे. पुनरावृत्ती कोठे अर्थ निर्माण करते आणि कोठे केवळ श्रम वाचविते, हे पाहण्यासाठी मराठी मुलांना भाषेइतक्याच सहज मिळणाऱ्या एका गोष्टीचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे घर शेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा चिमणीच्या दारात येतो आणि दार उघडण्याची विनंती करतो. चिमणी दर वेळी बाळाचे काही ना काही काम सांगून त्यास थांबविते. शेवट घरोघरी वेगळा : कोठे दार उघडते, कोठे कावळ्यास चुलीजवळ जागा मिळून त्याचे पंख पोळतात.

प्रथम घरांचा विचार करू जाता असे दिसते की शेण आणि मेण या द्रव्यांची निवड पक्ष्यांच्या सवयींवरून झालेली नाही. चिमणी मेण वापरीत नाही आणि कावळा शेण लिंपीत नाही. ही निवड यमकाने केली आहे. एका व्यंजनाचा फरक, आणि त्या फरकावर दोन पक्ष्यांचे दैव. चित्राने या यमकाचे काय करावे? दोन घरे दोन तऱ्हांची, एक टुमदार आणि दुसरे बेंगरूळ अशी काढणे हा नेहमीचा मार्ग आहे. त्याने पाऊस पडण्यापूर्वीच निकाल लागतो; कावळा मूळचाच गबाळा ठरतो. व्हेक्टरने काढणाऱ्यास याहून चांगला मार्ग खुला आहे. एकाच घराची कड घ्यावी, तिची प्रत करावी, आणि भरण तेवढे बदलावे : एकात मेणाचा फिकट पिवळा, दुसऱ्यात शेणाचा हिरवट करडा. बिंदू तेच, हँडल तीच, उंबरठा तोच. शब्दांत जसा एक वर्ण सोडून सगळे समान, तसे चित्रात एक रंग सोडून सगळे समान. हे डोळ्यांचे यमक होय. आणि ते हाताने काढून इतके अचूक साधणे कठीण आहे. ज्या सोयीमुळे धुराड्याची घरे पसरली तीच सोय येथे गोष्टीचा कणा बनते.

दारातील प्रसंगांचेही असेच आहे. गोष्टीत कावळ्याची विनंती शब्दशः तीच राहते आणि चिमणीच्या उत्तरात एकेक पद बदलत जाते : न्हाऊ घालणे, अंग पुसणे, अंगडे घालणे, तीट लावणे. वाक्याचा साचा स्थिर आणि त्यातील एक जागा चल, ही रचना भाषा शिकणाऱ्या मुलाला किती प्रिय असते हे वेगळे सांगावयास नको. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीलाच ते पुढचे उत्तर आपण होऊन सांगू लागते. चित्रात दार, भिंत, पागोळ्या आणि बाहेर उभा असलेला कावळा दर पानावर जसेच्या तसे ठेवले तर मुलाची नजर आपोआप बदललेल्या एका गोष्टीकडे जाते. मात्र एक सावधगिरी हवी. कावळा अगदी तोच राहिला तर पाऊस खोटा ठरतो. प्रत्येक पानावर त्याच्या मानेचे एकच हँडल थोडे खाली ओढले, पंखाच्या टोकाशी एक थेंब वाढविला, की तोच कावळा अधिकाधिक भिजत जातो. शब्द येथे वेळेविषयी काही सांगत नाहीत. किती वेळ गेला हे केवळ कावळ्याच्या मानेवरून कळते.

शेणाचे घर वाहून जाते हे वाक्य गोष्टीत क्षणात उरकते. चित्रकाराला तेथे थांबता येते. मेणाच्या आणि शेणाच्या घरांची कड एकच असल्यामुळे शेणाच्या घराचे बिंदू तीन-चार चित्रांतून क्रमाक्रमाने खाली ओघळू द्यावे : आधी छपराचा माथा बसतो, मग भिंतीचे वळण बाहेर फुगते, मग उंबरठा दिसेनासा होतो. शेजारच्या घराची मूळ कड डोळ्यांसमोर असल्यामुळे काय काय गेले हे मुलास मोजता येते. द्रव्याचा पोत दाखविणे हे मात्र व्हेक्टरचे दुबळे अंग आहे. सारवलेल्या भिंतीवर हाताच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या असतात. एक कमान काढून तिची रांग मांडली तर ती छापील कापडासारखी दिसते. सारवणारा हात दोनदा तसाच फिरत नाही. या कमानी एकेक करून काढाव्या लागतात, त्यास जवळचा रस्ता नाही. मेणाच्या घरात दिवा लावून भिंत आतून उजळविण्याचा मोहही बेताचाच बरा. मेणाच्या घरात चूल पेटते तरी ते वितळत नाही, याची चौकशी गोष्ट ऐकणारे मूल करीत नाही. चित्र फार चकाकले तर करील.

तयार आकारांचा धोका पात्रांच्या बाबतीत अधिक स्पष्ट होतो, आणि तो भाषेच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. मराठीतील चिमणी स्त्रीलिंगी आहे. गोष्टीत तर ती चिऊताई, आणि बाळाची आई. घरचिमण्यांत नर आणि मादी यांचे रूप वेगळे असते : नराच्या गळ्याखाली काळा डाग व डोक्यावर करडी टोपी, मादी सरसकट फिकट तपकिरी. चित्रांच्या साठ्यात सहसा नरच आढळतो, कारण काळ्या डागामुळे तो ओळखू येतो आणि काढावयास आकर्षक वाटतो. इंग्रजी पुस्तकात यामुळे फारसे बिघडत नाही, तेथे नाम लिंगाविषयी मौन पाळते. मराठीत मात्र मजकूर ‘चिमणी म्हणाली’ असे सांगतो आणि चित्रात बाळाला तीट लावीत चिमणा बसलेला असतो. कावळ्याचीही तीच गत. युरोपीय पुस्तकांवरून आलेला कावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळाभोर असतो; मराठी मुलाच्या खिडकीत बसणाऱ्या गावकावळ्याची मान राखाडी असते. राखाडी मानेसाठी एक आकार आणि एक रंग अधिक लागतो, एवढाच काय तो खर्च. जे मूल रोज खिडकीत कावळा पाहते, त्याच्या पाहण्यावर पुस्तकाने विश्वास दाखवावा की त्याला खोटे पाडावे, एवढी मोठी गोष्ट या एका आकारावर अवलंबून असते.

आता मजकूर आणि चित्र यांच्या परस्परसंबंधाकडे वळावयास हरकत नाही. पॅट हचिन्स यांच्या 1968 मधील ‘रोझीज वॉक’ या इंग्रजी पुस्तकात सर्व मिळून 32 शब्दांचे एकच वाक्य आहे. त्यात एक कोंबडी फेरफटका मारून घरी येते, इतकेच. कोंबडीच्या मागे लागलेला कोल्हा चित्रांत आहे आणि मजकुरात कोठेही नाही. त्या कोल्ह्याला फक्त मूलच पाहते. वाचून दाखविणारे शब्द त्याचा उल्लेखही करीत नाहीत. चिऊ-काऊच्या गोष्टीतही असा एक मौनाचा प्रदेश आहे, आणि तो दाराच्या आत आहे. बाळाला न्हाऊ घालते आहे, असे चिमणी सांगते. परंतु ती खरोखरच न्हाऊ घालते आहे काय? गोष्ट याविषयी बोलत नाही. सांगणारी आजी आपल्या आवाजाने काय ते सुचविते. एका घरी चिमणी कामात बुडालेली असते, दुसऱ्या घरी ती सरळ सबबी सांगते. पुस्तकात हा आवाज उरत नाही. त्याची जागा चित्राने घ्यावयाची असते.

उघडलेल्या दोन पानांपैकी डाव्यावर बाहेरचा पाऊस आणि कावळा, उजव्यावर घराचा आतला भाग, आणि पुस्तकाची मधली घडी हीच भिंत, अशी मांडणी केली तर हा निर्णय टाळताच येत नाही. आत घंगाळातून वाफ निघते आहे, बाळ रडते आहे, चिमणीचे दोन्ही पंख गुंतले आहेत असे दाखविले, तर ती कष्टाळू आई ठरते आणि दिरंगाई निरुपायाची. बाळ केव्हाच निजले आहे आणि चिमणी दारामागे कान देऊन उभी आहे असे दाखविले, तर तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, अप्पलपोटेपणाची किंवा भीतीची गोष्ट होतो. तिसराही मार्ग आहे : पहिल्या दोन पानांवर काम खरे, आणि नंतरच्या पानांवर काम संपलेले. तो सर्वांत अवघड आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक, कारण माणसे अशीच वागतात. व्हेक्टर पद्धतीत आतले आणि बाहेरचे आकार वेगवेगळ्या थरांवर ठेवलेले असल्यामुळे हे तिन्ही पर्याय एकाच चित्रसंचातून करून पाहता येतात. चिमणीच्या पापणीचे एक वळण सपाट केले की ती थकलेली दिसते, उंचावले की सावध. पर्याय इतके स्वस्त झाल्यामुळे निर्णय पुढे ढकलण्याची सवय लागते, ही मात्र या सोयीची दुसरी बाजू. कित्येकदा चिमणीचा चेहरा ना थकलेला ना सावध असा, केवळ गोड, राहून जातो. गोड चेहरा हा अनिर्णयाचाच चेहरा असतो, आणि असे पुस्तक मुलाच्या हाती दिले तर ते दार उघडे राहिले काय किंवा बंद राहिले काय, त्यास फरक पडत नाही.

अक्षरांचा प्रश्न थोडक्यात आटोपता येईल. संगणकावरील देवनागरी टंकही याच जातीच्या वक्ररेषांनी बनलेले असतात. म्हणजे चिमणी आणि ‘चिमणी’ हा शब्द एकाच साधनाने रेखाटलेले असतात. छापखान्यात टंक सापडला नाही तर मजकूर बिघडू नये म्हणून अक्षरांचे रूपांतर चित्ररेषांत करून देण्याचा प्रघात आहे. असे केल्यानंतर तो मजकूर राहत नाही. तो शोधता येत नाही, सुधारता येत नाही, दृष्टिहीन मुलासाठी संगणकाकडून वाचून घेता येत नाही. पुष्कळ टंकांत मूळ वळण हिंदीचे असते आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ भाषा मराठी असल्याची खूण दिली तरच उमटतात. ती खूण द्यावयाची राहून गेली आणि मजकुराच्या रेषा झाल्या, की दांड्याचा ‘ल’ कायमचा पुस्तकात बसतो. अक्षर नुकतेच गिरवू लागलेल्या मुलास ही बाब क्षुल्लक नसते. पाटीवर बाईंनी काढलेला पाकळीचा ‘ल’ त्यास पुस्तकात सापडत नाही.

यापेक्षा मोठा प्रश्न भाषांतराचा आहे. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने 2015 मध्ये खुल्या परवान्याचे ‘स्टोरीवीव्हर’ हे कथाभांडार सुरू केल्यापासून एकाच चित्रसंचावर अनेक भाषांतील मजकूर चढविण्याची प्रथा भारतात चांगलीच फैलावली आहे. चित्रे तशीच राहतात, शब्द बदलतात. चिऊ-काऊच्या गोष्टीस हिंदीत गोबर आणि मोम, गुजरातीत छाण आणि मीण असे शब्द मिळतील. यमक दोन्हीकडे तुटते. शेणमेणाचा जो खेळ मराठी मूल कानाने खेळते, तो गुजराती मुलास ऐकू येणार नाही. तेथे दोन घरांची एकच कड, एकीत पिवळा आणि दुसरीत करडा, एवढेच यमक शिल्लक राहते, आणि ते शिल्लक राहावयाचे तर चित्रकाराने मूळ मराठी पुस्तक करतानाच ते चित्रात पेरलेले असावे लागते.

भाषांतरित आवृत्तीसाठी चित्रसंच दुसऱ्याच्या हाती जातो तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक आकारास संगणक आपण होऊन एक क्रमांक देतो, आणि घाईत काम करणारे चित्रकार ते क्रमांक तसेच राहू देतात. तीनशे सत्तेचाळिसावी रेषा म्हणजे चिऊची पापणी, हे मग कोणासही कळत नाही. गुजराती मजकुराला जागा करून देण्यासाठी दार दोन बोटे सरकवावयाचे झाले, तरी दार कोणते हे शोधण्यात सकाळ जाते. काही चित्रकार मात्र आकारांना नावे देऊन ठेवतात : ‘दार’, ‘उंबरठा’, ‘काऊ–मान’, ‘काऊ–थेंब 3’, ‘चिऊ–पापणी–दमलेली’. अशी यादी वरपासून खालपर्यंत वाचली तर गोष्ट चित्रकाराने कशी ऐकली होती ते तिच्यावरून कळते.